अकरा नंबरची जागा

गळ्यात पावतीचं मशीन अडकवून पालिकेच्या पार्किंगवर दिवसभर उभं राहिलं की किस्से गोळा करायला कुठे जावं लागत नाही. गाडी लावणारा प्रत्येक जण एक तरी देऊन जातो, पैसे देताना मात्र कुरकुरतो!

परवा एक साहेब भलीमोठी गाडी लावून हळूच म्हणाले, "मॅडम, पावती नको, निम्मे घ्या." मी पावती काढली. जाताना गाडी गेटजवळच्या खड्ड्यात आपटली, तर काच खाली करून माझ्यावरच ओरडले, "आमच्या पैशांचं पालिका करते काय?"

अंजूर गावच्या टेम्पोवाल्या मामांचं भांडण रोजचंच. "आमच्या रस्त्यावर गोदामांचे ट्रक दिवसभर फुकट उभे. तिकडं न्हाय कोनी मशीन घेऊन येत! माझा टेम्पोच दिसतो तुम्हाला?" त्यांचं काही चुकत नाही, तरी मी पावती पुढे करते.

यंत्रमागावरच्या एका लूम कामगाराची बाईक दहाच मिनिटं जास्त राहिली, मशीनने दुसरा तास धरला. तो बिचारा म्हणाला, "दीदी, पहले मशीन नहीं, आदमी था, तो छोड़ देता था." सोडायची मुभा मला नाही.

आणि आमचे गणाकाका. हे पार्किंग व्हायच्या आधी इथे त्यांची दोन लूमची शेड होती. पालिकेने अतिक्रमण ठरवून ती पाडली. आता काका रोज स्कूटर घेऊन येतात, अकरा नंबरच्याच जागेवर लावतात, तासभर तिच्यावर बसून राहतात आणि जातात.

एकदा अकरावर कोणाचीतरी कार होती. मी म्हटलं, "काका, बाराला लावा की. सगळ्या जागा सारख्याच."

"सारख्या न्हाय गं," काका म्हणाले. "अकरावर माझा पहिला लूम होता."

स्कूटर धरून ते उन्हात उभे राहिले. कार हलायला दोन तास लागले. मला माझीच लाज वाटत होती. शेवटी त्यांनी स्कूटर जागेवर लावली आणि खिशात हात घातला.

मी म्हटलं, "काका, आज राहू द्या. पैसे नकोत."

काका एकदम घाबरले. "न्हाय न्हाय, पावती काढ! फुकट उभा राहिलो तर परत अतिक्रमणात धरतील!"