खिशातली खडीसाखर

एकोणिसाव्या वर्षी मला साखरेचा आजार निघाला आणि आमच्या नाशिकरोडच्या घरातून साखर हद्दपार झाली. वडीलसुद्धा बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून पिऊ लागले. इन्सुलिनची बाटली माठाच्या बुडाशी ओल्या फडक्यात ठेवायची, काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची आणि मांडीत टोचून घ्यायचं, हा रोजचा नेम. अशात मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो. पहिल्या खेपेला ऐन परीक्षेत इस्पितळात पडलो होतो. पुढे किती वर्षं काढीन, हे डॉक्टर सांगत नसत. मरायच्या आत मला पदवी हवी होती, बस्स.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "खिशात खडीसाखर ठेव. इंजेक्शनने कधी रक्तातली साखर फार उतरते. हातपाय थरथरले, घाम फुटला, की तोंडात टाक." हे मी आईला सांगितलं नाही. साखर म्हणजे विष हे तिला पटवता पटवता नाकी नऊ आले होते. आता तेच विष औषध कसं, हे कोण समजावणार? मी पुडी चोरासारखी बाळगायचो.

पेपरच्या सकाळी बसच्या घाईत इंजेक्शन घेतलं आणि भाकरी अर्धी टाकून उठलो. आईने दारात हातावर दही ठेवलं. परीक्षेला निघालेल्या पोराला दही-साखर देतात. तिने माझ्यासाठी दह्यात मीठ घातलं होतं. मी हसून चाटलं आणि पळालो.

तासाभरात कागदावरची अक्षरं हलू लागली. शर्ट घामाने चिंब झाला. खिशात हात घातला तर पुडी नाही. आईनेच ती इस्त्री करताना काढली असणार. उठायला गेलो तर बाकावर आदळलो.

"सकाळी सकाळी ढोसून आलास काय रे?" पर्यवेक्षक ओरडले. वर्ग हसला. मला 'साखर' एवढा एक शब्द बोलता येईना. त्यांनी पेपर हिसकावला आणि मला बाहेर काढलं. पायरीवर कोसळलो, तेव्हा शिपायाने आपला चहा माझ्या तोंडात ओतला, म्हणून वाचलो.

घरी जाऊन आईवर तुटून पडलो. "ती साखर माझं औषध होती! माझं वर्ष खाल्लंस तू!"

"मला वाटलं, चोरून खातोस," ती एवढंच म्हणाली. चूक माझीच होती, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी माफी मागितली नाही. कित्येक दिवस तिच्याशी धड बोललोही नाही.

ऑक्टोबरात पुन्हा बसलो. पेपर पुरा लिहून बाहेर आलो, तर फाटकाशी आई उभी. तीन तास उन्हात.

"आत सोडत नाहीत रे," म्हणाली आणि तिने मूठ उघडली. पुडीचा कागद घामाने फाटला होता, साखर विरघळून तळहाताला चिकटली होती.

मला त्या वेळी साखरेची गरज नव्हती. तरी भर रस्त्यात तिचा हात धरला आणि सगळी चाटून खाल्ली.