शिंपीकाकांच्या पायरीवरचं अंडं

मंडी मोहल्ल्यातल्या त्या शिंपीकाकांचं नाव मी कधी विचारलं नाही. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा वर्ज्य. त्यांचा कुत्राही दहीभातावर वाढलेला आणि एकादशीला साबुदाणा खाणारा. पुढे त्याचे केस झडले, त्याला उठवेना. जनावरांच्या डॉक्टरांनी अंडी द्यायला सांगितली. माळकरी माणूस कसली अंडी देतोय, असं मला वाटलं.

महिन्याभरानं पँट आणायला गेलो, तर काका पायरीवर बसून उकडलेलं अंडं सोलत होते. नाक दुसरीकडे वळवलेलं, पण बोटं टाके उसवावेत तशी जपून चाललेली. समोर कुत्रा उभा राहून शेपटी हलवत होता.

मी बघतच राहिलो, तसे काका आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "नोडी, बघा सर, माळ मी घातलीय. ह्यानं कुठं घातलीय?"