दोन पॉइंट उजळ

निकालाच्या दिवसांत लातुरात माणसं गोरी होतात. खोटं वाटत असेल तर जूनमध्ये या आणि चौकाचौकांतले फलक बघा. वर्षभर उन्हात सायकल हाणून आणि मेसचं पाणीदार वरण खाऊन करपलेली पोरं एकदा फलकावर चढली की दुधानं आंघोळ केल्यासारखी दिसतात. ही किमया करणाऱ्यांपैकी मी एक. मी शिवशंकर, तेव्हा एका मोठ्या कोचिंग क्लासच्या जाहिराती करायचो. आणि याच गावात एक माणूस होता जो हे काम करायला साफ नकार द्यायचा, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. जिलानीभाई. त्यांची गोष्ट सांगताना माझी अब्रू जाणार आहे, पण ती जाऊ द्या.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. पुढं फोटो काढायची खोली, मागं फ्लेक्स छापायची मशीन आणि मध्ये कम्प्युटरची खोली. या खोलीला खिडकी नाही आणि भिंतींना राखाडी रंग. लाल साडी नेसून आलेल्या बाईला ते हात जोडून मागच्या बाकावर बसवायचे, कारण साडीचा रंग पडद्यावर पडतो. सकाळी मॉनिटर चालू केला की अर्धा तास त्याला हात लावायचा नाही, गरम होऊ द्यायचा. मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी माझ्या मॉनिटरवर एकीकडे क्रिकेट बघत दुसरीकडे जाहिरात करायचो.

मॉनिटरच्या शेजारी भिंतीवर एक फोटो टांगलेला असायचा. त्यांची बायको बेगमबी हातात सूप घेऊन हसतेय, आणि सुपात धर्माबादची लाल मिरची, चार लिंबं आणि दोन वांगी. बेगमबी चांगली काळीसावळी. पडद्यावरची बेगमबी आणि कागदावरची बेगमबी एकसारखी दिसेपर्यंत जिलानीभाई मॉनिटरची बटणं फिरवत राहायचे. मिरची केशरी झाली की मॉनिटर बिघडला, वांगं काळं झालं की बिघडला. "मशीन खोटं बोलतंय का खरं, ते माझी बायको सांगती," असं ते म्हणायचे, आणि आतून बेगमबी ओरडायची, "कधी माझं पण ऐका की मग!"

गिऱ्हाइकाचा फोन यायचा, फोटो काळपट दिसतोय म्हणून. जिलानीभाई फोटो दुरुस्त करायचे नाहीत. लूनाला किक मारायचे, बेगमबीचा फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या घरी जायचे आणि म्हणायचे, "आधी तुमचा मॉनिटर दाखवा." डॉक्टर असो, वकील असो, त्याच्या घरात त्याच्याच टेबलावर बसून हा माणूस त्याचा मॉनिटर सुधारून द्यायचा. लोक हसायचे. काही चिडायचे.

तर दोन हजार दहाच्या निकालाची गोष्ट. आमच्या क्लासची रेणुका सीईटीला दोनशेपैकी एकशे नव्वद घेऊन पास झाली. इस्लापूरकडची शेतकऱ्याची पोरगी. माहूरच्या देवीला नवस करून झालेली, म्हणून हे नाव. दोन वर्षं लातुरात खोली करून राहिली, कुणाशी जास्त बोलली नाही, आणि निकालाच्या दिवशी एकदम सगळ्यांच्या पुढं. रंगानं सावळी, म्हणजे चांगलीच सावळी, आणि डोळे असे की समोरच्यानं आपली कॉलर नीट करावी. जिलानीभाईंनी तिचा फोटो काढला आणि पेनड्राइव्ह माझ्याकडं दिला.

क्लासचे मालक सिद्धलिंग सर आपल्या केबिनमध्ये बसून तो फोटो बघत होते. मोठा नवा मॉनिटर, पाठीमागं मोठी खिडकी, दुपारचं ऊन थेट पडद्यावर.

"हे काय रे शिवा? पोरगी दिसतच नाही. नुसते दात दिसतायत. बोलव त्या जिलानीला."

जिलानीभाई आले ते पिशवी घेऊनच. आधी खिडकीचा पडदा ओढला. मग त्यांनी स्वतः बनवलेली एक पट्टी पडद्यावर उघडली. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस घरं, प्रत्येक घर आधीच्यापेक्षा जरा गडद.

"सर, घरं मोजा बरं."

सरांनी बोट फिरवलं. "सतरा... पुढं सगळं काळंच आहे."

"वीस हायत. तीन घरं तुमच्या मॉनिटरनं गिळून टाकली. पोरीचा चेहरा बी तिथंच गेला. फोटो काळा न्हाई सर, मॉनिटर काळा हाय."

दहा मिनिटं बटणं फिरवली. बेगमबीचा फोटो शेजारी धरला, मिरची जुळवली, वांगं जुळवलं. विसाच्या वीस घरं दिसायला लागली. मग त्यांनी रेणुकाचा फोटो उघडला, आणि खरं सांगतो, मीसुद्धा खुर्चीतून पुढं झुकलो. गालावरचा तीळ, कपाळावरची बारीक लव, सावळ्या रंगातली ती तकाकी, सगळं दिसत होतं. पोरगी समोर येऊन बसल्यासारखी वाटली.

"वा," सर म्हणाले. "आता बरोबर दिसतंय. आता एक करा, जरा गोरी करून द्या."

जिलानीभाईंनी बटणावरचा हात काढून घेतला.

"म्हंजे मघाशी मॉनिटरचं भांडण नव्हतंच."

"अहो, पालक फलक बघून पोरं टाकतात. चेहऱ्यावर तेज नको?"

"एकशे नव्वद मार्क घेतले पोरीनं. अजून कोणतं तेज पाहिजे तुम्हाला? मॉनिटर मी सुधारून दिला सर. तुमचे डोळे सुधारायचं मशीन माझ्याकडं न्हाई."

सरांशी असं कुणी बोलत नसे. सर लाल झाले. म्हणाले, गावात फोटोवाले काय कमी आहेत का, वर्षभराचं सगळं काम दुसरीकडं देईन. जिलानीभाईंनी बायकोचा फोटो पिशवीत घातला. "द्या. चेहरा बदलायचं काम माझ्या हातून व्हायचं न्हाई," म्हणाले, आणि जिना उतरले.

मी मागं पळालो. खाली चहाच्या गाड्यावर त्यांना गाठलं आणि भांडलोच. दोन क्लिकचं काम, त्यात एवढा ताठा कशाला? कुणाचं काय बिघडतं?

त्यांनी चहा फिरवून प्यायला. मग म्हणाले, "बस. कुणाचं काय बिघडतं, ते सांगतो."

त्र्याण्णवला ते पंचवीस वर्षांचे होते, लातुरातल्या एका कलर लॅबमध्ये मशीनवर. निगेटिव्ह घातली की मशीनच्या इवल्या पडद्यावर फोटो दिसायचा, आणि उजळ-गडद करायची बटणं असायची. मालकाचा नियम होता की लग्न असो, बारसं असो, प्रत्येक चेहरा दोन पॉइंट उजळ छापायचा. गिऱ्हाईक खूश राहतं. चार वर्षं दिवसाला हजार फोटो. बोटांना इतकी सवय की डोळ्यांनी बघायच्या आधी बटण दोनदा दाबलेलं असायचं.

"मग किल्लारीचा भूकंप झाला. मेलेल्या माणसांना ठेवायला जागा न्हाई, वख्त न्हाई. फोटो काढायचे आन् अग्नी द्यायचा. ते रोल आमच्याकडं आले. दोन दिस, दोन रात्री मी छापून राहिलो. डोळ्यांतून पाणी चालू, आन् बोटं आपलं काम करून राहिली. मुर्द्यांना बी दोन पॉइंट उजळ."

ते फोटो किल्लारीला मांडव घालून दोरीला चिमटे लावून टांगले होते. माणसं रांगेनं येऊन आपली माणसं शोधत होती. निलंग्याकडून चांगुणा नावाची एक बाई आली. तिची सोळा वर्षांची पोरगी गणपतीला मामाच्या गावी गेलेली. चांगुणाबाईंनी एकेक फोटो दोनदा बघितला. पोरगी सापडली नाही. म्हणजे जिवंत आहे, असं तिनं धरलं. मग दवाखाने सुरू झाले. लातूर, उमरगा, सोलापूर. दीड महिना ती माय खाटाखाटांवर वाकून बघत होती.

"शेवटी आमच्या लॅबला आली. लेकीचा जुना फोटो दिला, म्हणली, पन्नास छाप, एसटी स्टँडवर लावते. मी छापला. म्हणली, दादा, लई गोरी करून टाकलीस, माझी लेक सावळी हाय. अन् मी तो चेहरा नीट बघितला. कानातली ती माशाच्या घाटाची मासोळी मी आधी बघितली होती. मुर्द्यांच्या फोटोत मी छापली होती तिला. मिटलेले डोळे, केसात माती, त्यात रंग परका. आई तिच्यासमोरून दोनदा निघून गेली, शिवा."

त्यांनी निगेटिव्ह शोधली, बटणाला हात न लावता छापली आणि बाईच्या हातात दिली.

"लई वेळ बघितलं तिनं. मग म्हणली, हाव, हीच माझी लेक. ओरडली न्हाई, मला शिवी दिली न्हाई. फोटो पदरात गुंडाळला आन् गेली. दीड महिना मी तिला खोट्या आशेवर हिंडवलं. माझ्या ह्या दोन बोटांनी." त्यांनी बोटं माझ्यासमोर धरली. "आता सांग, कुणाचं काय बिघडतं."

यानंतर कुणीही माणूस सुधारला असता. मी नाही सुधारलो. सरांनी संध्याकाळी फर्मान काढलं आणि मी माझ्या कम्प्युटरवर रेणुकाला गोरी केली. तीळ पुसला, लव पुसली. सर म्हणाले अजून थोडी, मी अजून थोडी केली. नोकरी होती, घरभाडं होतं, अशी कारणं माणसाला कधी कमी पडत नाहीत. फलक दुसरीकडून छापून आला आणि चौकात चढला. नऊ पोरं आणि मधोमध दुप्पट आकारात कुणीतरी मुलगी, खाली नाव रेणुकाचं.

सत्काराच्या दिवशी तिच्या आईवडिलांना आणायला सरांनी मलाच स्टँडवर पाठवलं. भुजंगराव पांढरी टोपी घालून उतरले आणि मागून केवळाबाई, हातात भाकरीचं गाठोडं. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या पोरीचा घराएवढा फोटो लातुरात लागलाय. सत्कार राहू दे, आधी फोटो दाखव, म्हणाल्या. मी त्यांना चौकात नेलं.

केवळाबाई फलकाखाली उभ्या राहिल्या. डोळ्यांवर हात धरून एका टोकापासून बघत गेल्या, दुसऱ्या टोकाला पोचल्या, परत फिरल्या. मधल्या फोटोवरून त्यांची नजर दोनदा गेली आणि दोनदा पुढं निघून गेली.

"आमची रेणुका कुठं हाय, बाबा?"

मला चांगुणाबाई आठवल्या. मी मधल्या फोटोकडं बोट केलं.

"ती व्हय? ती दुसऱ्या कुणाची हाय."

"नाव तिचंच आहे मावशी, खाली बघा."

"मला कुठं वाचता येतंय? मला तोंड वळखता येतं." मग नवऱ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "आपल्या पोरीचा फोटो न्हाई लावला, जी. कामून न्हाई लावला?"

भुजंगरावांनी टोपी काढून हातात घेतली. एवढ्या लांब येऊन आपली फसवणूक झाली, असं त्यांना वाटत होतं, आणि ती झालीच होती. मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी तिथंच, भर चौकात सांगून टाकलं की मावशी, ती तुमचीच पोरगी, मी तिचं तोंड बदललं.

क्लासवर पोचलो तर रेणुका आधीच दारात उभी. तिनं फलक पहिल्याच दिवशी बघितला होता. चार दिवस राग गिळून बसली होती. आईनं "तुझा फोटोच न्हाई गं" म्हटल्यावर मात्र ती सरळ केबिनमध्ये गेली, मागं आम्ही.

"सर, तो फोटो काढा. न्हाईतर मी स्टेजवर येणार न्हाई."

"अगं, उगाच..."

"माझी आई मला वळखेना, सर. मार्क माझे घेतले, तोंड बी माझंच लावा. तीन वाजता कार्यक्रम हाय. तीनपर्यंत बसते मी इथं."

आणि ती खरंच बसली. बाहेर पेपरवाले यायला लागले होते. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "मी केलेलं मीच निस्तरतो," आणि उत्तराची वाट न बघता तिघांना घेऊन रिक्षानं जिलानीभाईंच्या दुकानात गेलो. त्या महिन्यात माझी नोकरी गेली आणि जिलानीभाईंना त्या क्लासचं काम पुन्हा कधी मिळालं नाही. दोघांपैकी एकानंही त्याचं दुःख केलं नाही.

जिलानीभाईंनी मला एक शब्द सुनावला नाही. त्यांनी रेणुकाची फाइल जपून ठेवली होती. फलकावरच्या मधल्या फोटोवर चिकटवायला सहा फुटांचा नुसता चेहरा मशीनवर छापायला घेतला. छापून झाल्यावर मला वाटलं झालं, न्या. पण त्यांनी फ्लेक्स दोन्ही हातांवर तोलून बाहेर गल्लीत आणला. फलक उन्हात राहायचा, म्हणून तो उन्हातच तपासायचा. बेगमबीनं एक टोक धरलं, मी दुसरं. त्यांनी रेणुकाला फ्लेक्सशेजारी उभं केलं आणि छापलेल्या गालाला तिचा हात लावायला सांगितला. हात आणि गाल एका रंगाचे. तीळ जागेवर होता. समोरचा इस्त्रीवाला काम सोडून बघत उभा राहिला.

तरी जिलानीभाईंचं समाधान होईना. ते बाजूला झाले आणि केवळाबाईंना पुढं बोलावलं.

"माय, तुम्ही बघा. तुम्ही न्हाई म्हणलात तर हे फाडून परत छापतो."

केवळाबाई जवळ गेल्या. गाठोडं खाली ठेवलं आणि छापलेल्या कपाळावरून हात फिरवला, जसा शाळेत जाताना फिरवत असतील.

"हाव," त्या म्हणाल्या, "हीच माझी लेक."

जिलानीभाईंनी ती दोन बोटं दुसऱ्या मुठीत घट्ट धरली होती. सतरा वर्षं त्या माणसानं ज्या कारणासाठी गावाशी भांडण मांडलं होतं, ते त्याच्यासमोर भाकरीचं गाठोडं उचलत होतं.

"माय," ते म्हणाले, "एकदा परत बोला."