सरावापुरता

"सॉरी, या आठवड्यात मी डावखुरा आहे," असं म्हणत त्याने सत्यनारायणाच्या प्रसादासाठी डावा हात पुढे केला, तेव्हा आमच्या हॉलमधले सगळे पाहुणे वळून बघायला लागले. सव्वासहा फुटांचा गोरा माणूस, मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब पसरून बसलेला. माझी बायको कोणाची भीड ठेवणारी नाही. "राइट हँड! प्रसाद आहे!" ती ओरडली. त्याने घाबरून उजव्या हातावर शिरा घेतला, तिची पाठ वळताच तो डाव्या हातात घेतला आणि खाल्ला. ते फक्त मी पाहिलं.

तुम्ही म्हणाल, माणसाचा हात आठवड्यापुरता कसा बदलेल? तर सिडनीत, क्वेकर्स हिलला आमच्या घरामागे एक छोटा ग्रॅनी फ्लॅट आहे. तिथे तो पाच वर्षं भाड्याने राहिला. व्यावसायिक बास्केटबॉलपटू. गार्ड. गार्ड म्हणजे बॉल पुढे घेऊन जाणारा आणि बाकीच्या चौघांना खेळवणारा. पण क्लबने त्याला ठेवलं होतं फक्त सरावापुरतं. शनिवारी ज्या संघाशी सामना असेल, त्या संघाच्या गार्डची हुबेहूब नक्कल याने सोमवारपासून करायची, म्हणजे आपल्या खेळाडूंना त्याला अडवायची सवय होते. सोमवारी सकाळी कोच व्हिडिओ पाठवायचा आणि संध्याकाळपर्यंत हा दुसराच कोणीतरी झालेला असायचा. समोरचा गार्ड डावखुरा असला, की हा दातसुद्धा डाव्या हाताने घासायचा.

आमच्या गॅरेजवर आधीच्या मालकाने लावलेली रिंग होती. तिथे त्याचा बॉल आपटायला लागला, की बायको फोडणी टाकता टाकता खिडकीतून बघायची. "पर्थ," ती म्हणायची. किंवा, "जरा वाकून चालतोय, म्हणजे ॲडलेड." तिला बास्केटबॉलचा एकही नियम माहीत नाही, पण तिचा अंदाज कधी चुकला नाही.

मी पॅरामॅटाला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. म्हणजे खोटे ग्राहक तयार करायचे, त्यांना खोटी नावं, खोटे पत्ते द्यायचे, त्यांच्यावर सगळं तपासून घ्यायचं आणि खरं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ते पुसून टाकायचे. त्याची नोकरी मला पहिल्याच दिवशी समजली, ती त्यामुळे.

त्याला मात्र त्या नोकरीचा अभिमान होता. एकदा संघ जिंकला, तेव्हा कोच सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आज त्यांचा गार्ड अडकला, कारण आठवडाभर तो आपल्या घरीच होता." हे वाक्य त्याने आम्हाला निदान दहा वेळा ऐकवलं. प्रत्येक वेळी बायको पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी "हो का?" म्हणायची.

त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "मी फक्त एका दुखापतीवर आहे, मेट." म्हणजे संघातला कोणी गार्ड जायबंदी झाला, की याचा नंबर. एवढं बोलून तो लगेच ओशाळायचा. "म्हणजे कोणाचं वाईट होऊ नये, हां."

"अरे बाबा, मग तुझं चांगलं व्हायचं कसं?" बायको विचारायची. "नो वरीज," तो म्हणायचा आणि भांडी घासायला लागायचा.

पाचव्या वर्षी तो तिशीत आला. तिशीतल्या गार्डला कोणी नव्याने घेत नाही, हे त्यानेच आम्हाला सांगितलं. या मोसमात मैदानावर उतरायला मिळालं आणि तिथे टिकला, तर खरा करार. नाहीतर सिडनीपासून लांब, डब्बोच्या पलीकडचं त्याचं गाव आणि वडिलांचं टायरचं दुकान. तो हे अगदी शांतपणे सांगत होता, आणि मला त्याच्याकडे बघवेना.

मग एका आठवड्यात संघातल्या एका गार्डचा घोटा मुरगळला आणि दुसऱ्याचं बोट मोडलं. गुरुवारी तो आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बायकोने कसं कोण जाणे ओळखलं आणि त्याच्या हातावर साखर ठेवली.

"मग या आठवड्यात तू कोण?" मी विचारलं.

"मीच!" तो म्हणाला आणि मोठ्याने हसला.

शनिवारी आम्ही दोघं सामन्याला गेलो. दुसऱ्या भागात कोचने त्याला उतरवलं. पहिल्या मिनिटालाच त्याने समोरच्याचा बॉल काढून घेतला. आठवडाभर नाही, पण पाच वर्षांत कितीतरी वेळा हा स्वतः तो गार्ड झाला होता ना. बायको खुर्चीवर उभी राहून ओरडली. मागच्या माणसाने तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

पुढे जे झालं, ते मी नीट सांगायचा प्रयत्न करतो. त्याने न बघता उजवीकडे एक सुंदर पास दिला. तिथे कोणी नव्हतं. बॉल सरळ प्रेक्षकांत गेला. पुन्हा एक पास, तोही बाहेर. माझ्या हळूहळू लक्षात आलं. त्याचे सहकारी पाच वर्षं त्याच्याविरुद्ध खेळले होते. त्याला अडवायचं कसं, हे त्यांना पाठ होतं. त्याच्या बाजूने खेळायचं कसं, हे त्यांच्यातल्या कोणालाही माहीत नव्हतं, कारण तशी वेळच कधी आली नव्हती.

"तुझा खेळ खेळ!" कोच बाहेरून ओरडला. "तुझा!"

तो बॉल हातात धरून थांबला. पाच सेकंद असतील, सहा असतील. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग बॉल फार वेळ धरून ठेवल्याची शिट्टी वाजली, बॉल समोरच्या संघाला गेला आणि त्याला बेंचवर बसवलं. पुढच्या शनिवारी घोट्यावाला परत आला.

मोसम संपल्यावर क्लबने त्याला बोलावलं. काढून टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "तुझ्यासारखा दुसरा नाही," असं म्हणून त्यांनी त्याला पुढच्या वर्षीसाठी तेच काम पुन्हा देऊ केलं, सरावापुरतं.

त्या रविवारी मी गाडी धूत होतो. तो येऊन पायरीवर बसला. "एक विचारू? पाच वर्षं तू मला रोज बघतोयस. मी कसा खेळतो?"

"छान खेळतोस की."

"तसं नाही. मी. मी कसा खेळतो?"

मी अख्खं आयुष्य बारीकसारीक गोष्टी टिपण्यात घालवलेला माणूस. तो पर्थ झाला, की खांदा कसा टाकतो, हे मी सांगू शकलो असतो. ॲडलेडही सांगितलं असतं. पण त्याचा स्वतःचा खेळ मला आठवेना. "छानच," मी पुन्हा म्हणालो आणि पाण्याचा पाइप चालू केला. त्याची मला अजून लाज वाटते.

क्लबला नाही म्हणून महिनाअखेरीस तो गावी गेला. बायकोने डब्यात चकल्या दिल्या. त्याने तिला वाकून मिठी मारली आणि ती पंधरा दिवस त्या खिडकीपाशी उभी राहिली नाही.

मागच्या महिन्यात बायकोच्या जुन्या फोनमधले फोटो काढताना एक व्हिडिओ सापडला. पुण्यातल्या बहिणीला घराची मागची बाजू दाखवायला तिने काढलेला, मोसम संपल्यानंतरच्या सुट्टीतला. कोपऱ्यात तो एकटाच रिंगवर बॉल टाकतोय. कोचचा व्हिडिओ नाही, शनिवारचा सामना नाही. मी तो तुकडा वीसेक वेळा पाहिला. बॉल टाकायच्या आधी तो मान किंचित डावीकडे कलती करत होता आणि टाकल्यावर एक पाऊल मागे सरकत होता. हे मी दुसऱ्या कोणात पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की ऑफिसची मीटिंग सोडून मी तो त्याला पाठवला. लिहिलं, "उत्तर सापडलं. हा तू आहेस."

दुपारी त्याचा मेसेज आला.

"नाही मेट. हा केर्न्सचा गार्ड, माझ्या दुसऱ्या वर्षातला. त्याने खेळणं सोडूनही तीन वर्षं झाली. पण बरा जमलाय ना?"

मी लिहिलं, "हो. बरा जमलाय."