सगुणच्या खडीवाटा

फोनच्या काचेत पानं दिसत होती, त्यांच्या फटींतून थोडं आभाळ, आणि कोपऱ्यात सायकलचं चाक. चाक फिरत होतं. मी म्हटलं, "सगुण?" चाक हळूहळू थांबलं. तिकडे फ्रान्समध्ये रविवारची सकाळ होती, इथे डिचोलीत आमची जेवणं आटोपून दुपार पडली होती, आणि माझा धाकटा भाऊ रानातल्या उतरणीवर आडवा झाला होता. त्याच्या मागून त्याचा मित्र बेर्नार येत होता. त्याचा ब्रेक किंचाळला, खडी घसरली, काहीतरी जड खाली गडगडत गेलं… आणि मग नुसती पाखरं. मी सोप्यावर खुर्चीत बसले होते. माझ्या हातात एक फोन होता आणि घशात आवाज होता, बाकी काही नव्हतं. म्हणून मी कुकारो घातला. माझ्या माहेरी, पेडण्याच्या डोंगरात काजू वेचताना कोण कुठे आहे ते कळावं म्हणून बायका एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर लांब हाक मारतात, ती हाक. वाऱ्यात माझं बोलणं ऐकू येत नाही म्हणून सगुणने सायकलच्या दांड्याला छोटा स्पीकर बांधला होता. माझी हाक त्या रानात घुमताना मला इथे परत ऐकू आली.

सगुण आम्हा भावंडांत शेवटचा. मी त्याला कमरेवर घेऊन वाढवलं, त्यामुळे चौथीनंतर माझी शाळा सुटली. त्याचं मला दुःख नाही, मला शाळा आवडतच नव्हती. आमचं गाव तिकडेच, तुयेच्या बाजूला, वर सडा, उघडं कातळाचं पठार, खाली शेतं. सड्यावर जांभ्या दगडाची तांबडी खडी. तिच्यावर तो भाड्याची सायकल घेऊन शिकला. गुडघे फोडून घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बाय, आज सडो उडत होतो गो." सडा कुठला उडतो! मोठा झाल्यावर तो मुरगाव बंदरातून बोटीवर चढला, स्वयंपाकी म्हणून. बरीच वर्षं पाण्यात काढली आणि शेवटी फ्रान्सच्या मध्यावर, समुद्रापासून लांब, डोंगरातल्या एका खेड्यात जाऊन राहिला. तिथल्या हॉटेलात भांडी घासली, मग रांधलं. लग्न केलं नाही. का नाही ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

म्हातारपणी त्याला सायकलचं खूळ लागलं. बेर्नार म्हणून शेजारचा एक उंच, लाल नाकाचा निवृत्त पोस्टमन, त्याने लावलं. दोघांनी जाड टायरच्या सायकली घेतल्या. त्या सायकली डांबरासाठी नसतात, रानातल्या खडीच्या वाटांसाठी असतात. लाकूडतोड्यांच्या वाटा, जुन्या गाडीवाटा, गुरांच्या वाटा. आदल्या दिवशी नकाशावर बोट फिरवून वाट ठरवायची, शक्य तेवढं डांबर टाळायचं. मी म्हटलं, "सरळ रस्तो सोडून आडवाटेन कित्याक मरतास?" तर म्हणाला, "डांबरावरसून कित्याक जावचा? ता ट्रकवाल्यांचा." खरं सांगायचं तर ते मला पटलं. माझा सारा संसार खाणीच्या रस्त्याकडेला गेला. डंपरची धूळ खाऊन खाऊन माझी तुळससुद्धा तांबडी झालेली मी पाहिली आहे.

मग तो मला घेऊन जायला लागला. दर रविवारी सायकलच्या दांड्यावर फोन लावायचा, मला उठवायचा आणि म्हणायचा, "जेवलंस मां? चल तर." आणि मी जायची. खडी तिथे करडी, ओली, चाकाखाली कुरकुरायची, भाजलेले चणे चावल्यासारखी. दोन्ही बाजूंना सरळ गुळगुळीत झाडं. त्यांचं नाव त्याने पुष्कळदा सांगितलं, माझ्या जिभेवर बसलं नाही. चढावर तो बोलायचा नाही, नुसता श्वास ऐकू यायचा. वर पोचला की धुकं खाली राहायचं आणि धुक्यातून टेकड्यांचे माथे वर आलेले दिसायचे, पाण्यात म्हशी बसतात तसे. मग एखादं तळं, त्यात उलटं रान. मग पांढऱ्या गाई, त्या मान वळवून थेट माझ्याकडे बघायच्या. मला अर्धी झोप असायची. जेवणानंतरची दुपार, घामाने पाठ खुर्चीला चिकटलेली, आणि डोळ्यांपुढे ते थंड रान हलत हलत मागे जातंय… कधी कधी मला वळणावर आमची आई लाकडांची मोळी घेऊन उभी दिसायची. मी सगुणला म्हणायची, "थांब रे, आई आसा." तो थांबायचा. खरोखर थांबायचा. म्हणायचा, "बसव तिका मागे." आणि मग आम्ही पुढे निघायचो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारी भ्रमली म्हणतील. म्हणू देत.

उतरण आली की ओरडायचा, "बाय, धर घट्ट, पडशीत!"

"मी खुर्चेर बसलंय रे मेल्या."

"म्हणान काय झाला? धर!"

मी धरायची. खुर्चीचे हात धरून पाय वर घ्यायची.

बेर्नार मला आवडत नव्हता. सगुण दर वर्षी म्हणायचा, यंदा कायमचा घरी येतो. इथे मी त्याच्यासाठी उजेड-वाऱ्याची, जनेलाकडची खोली रंगवून ठेवली होती. आणि दर वर्षी तो बेर्नार नवी वाट काढायचा. "येतंय गो, ही एक वाट रवली हा, ती झाली की येतंय." एकदा मला राग आला. बेर्नार फोनसमोर आला होता. मी म्हटलं, "सांग त्या रेड्याक, माझ्या भावाक घराक धाड म्हणान." सगुणने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. बेर्नारने छातीवर हात ठेवला आणि वाकून आभार मानले, "मेर्सी, बाय!"

"काय सांगलंस रे तू?"

"तुझी सायकल बरी दिसता, असा."

दोघेही हसत सुटले. रेडा सगळ्यांत जास्त.

तर त्या दिवशी मी कुकारो घालत होते. सून आतून धावत आली. "आई, फोन बंद करा, दुसऱ्या कोणाक तरी लावया." मी म्हटलं, "हात लावशीत तर बघ." कुणाला लावणार होतो? एकदा फोन तुटला की ते रान मला परत कुठून सापडणार? हाक थांबवली की ऐकू यायचं, खालून कुणीतरी कण्हतंय. तो सगुण नव्हता. सगुणचं कण्हणं मला पाळण्यापासून माहीत आहे.

घसा बसत आला तेव्हा पानांवर पावलं वाजली. टोपली घेतलेली एक बाई. रानात अळंबी वेचायला आली होती. जमिनीतून बाईचा आवाज येतोय म्हणून शोधत आली. आधी सगुणपाशी वाकली, बराच वेळ वाकलेली राहिली. मग फोन उचलून माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. त्याला भाषा लागत नाही. ती काहीतरी बोलत राहिली, बहुतेक माझं सांत्वन करत होती. मला सांत्वन नको होतं. मी दोन बोटं वर केली. "दोन! दोघे आसत!" तिला कळेना. मी पुन्हा दोन बोटं दाखवली आणि हात खाली केला, खाली, अजून खाली. तेवढ्यात तो पुन्हा कण्हला. बाईने टोपली टाकली, उतरणीच्या कडेला गेली आणि नेच्याची झुडपं दोन्ही हातांनी बाजूला केली.

सगुणचं काळीज बंद पडलं होतं. पडायच्या आधीच गेला असावा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी हाका मारत होते तेव्हा ऐकायला तो नव्हताच. बेर्नारचा मांडीचा सांधा मोडला होता, बरंच रक्त गेलं होतं. नेच्यात तो वाटेवरून दिसत नव्हता. आता काठी घेऊन चालतो. रविवारी फोन करतो. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. थोडा वेळ एकमेकांकडे बघतो आणि ठेवतो.

त्या रविवारी त्या उतरणीवर आम्ही तिघं होतो. सगुण गेला. बेर्नार वाचला, आणि मीही वाचले.