सोडून गेलेल्यांना परत आणणारी माणसं

काय काम करतेस असं कुणी विचारलं की जागृती मेश्राम नुसतं "एचआर" म्हणायची आणि विषय बदलायची. खरं सांगायची सोय होती का? बहरीनमधल्या मनामा शहरातल्या एका माणसं पुरवणाऱ्या ऑफिसात ती होती आणि तिच्या वाट्याला आली होती ऑनलाइन जुगाराची कंपनी. बहरीनमध्ये जुगाराला बंदी, म्हणून नोकरी दूर युरोपातल्या एका बेटावर. माणसं मात्र इथून निवडायची, तीही मराठी बोलणारी. काम काय, तर खेळ सोडलेल्यांना फोन करायचा आणि गोड बोलून परत खेळायला बसवायचं. शी!

तिचा धाकटा भाऊ सुजीत अकोल्यात अशाच एका रमीच्या ॲपपायी चालतं दुकान घालवून बसला होता. आईच्या डोक्यावर हात ठेवून त्याने खेळ सोडला. तेव्हापासून जागृती फोनवर त्याची झडतीच घ्यायची.

मनामाजवळच्या सनद वस्तीत दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी मराठी मंडळाची बुद्धवंदना व्हायची. वंदना संपून चहा आला की बायोडेटा बाहेर निघालेच! त्या शुक्रवारी अक्षता मागे लागली. तिचा नवरा रुपेश तिथल्याच अस्कर गावच्या एका ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होता. ठेका संपला, आता व्हिसाही संपत आला होता. "पोरीचं शिक्षण अर्ध्यावर राहील हो ताई. कसलंही काम चालेल, कुठंही चालेल."

नाही म्हणावं तर मंडळात तोंड दाखवायला जागा नाही. जागृतीने डोकं चालवलं. रुपेश चार लोकांत तोंड न उघडणारा माणूस. इंटरव्ह्यूला बोलवायचं, आपोआप गळेल. बोलावलं नाही असं कुणी म्हणणार नाही आणि आपल्या मनालाही टोचणार नाही. हुशारीच म्हणायची बाईची!

इंटरव्ह्यूत एक लुटुपुटीचा फोन असायचा. उमेदवार कंपनीचा माणूस, जागृती खेळ सोडलेलं गिऱ्हाईक. तिचे साहेब गनी कोपऱ्यात बसून ऐकायचे. मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण समोरचा विरघळला की नाही, एवढं बरोबर कळायचं. रुपेशला गाळायचंच म्हणून जागृतीने सरळ सुजीतचे शब्द उचलले.

"मी सोडलंय. आईच्या डोक्यावर हात ठेवलाय. पुन्हा फोन करू नका."

रुपेश गप्पच. चला, सुटले, असं तिला वाटलं तोच तो हळूच म्हणाला, "राहू द्या ना भाऊ ते खेळाचं. जेवले का तुम्ही?"

"नाही."

"काऊन? घरी कोणी बोलत नाही का तुमच्यासंग?"

मग त्याने आईची तब्येत विचारली, दुकानाचं विचारलं, आणि ती सांगत गेली. "बरं, एकदाच बघतो" हे तिच्या तोंडून कधी निघालं, तिचं तिलाही कळलं नाही.

गनीसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "यही आदमी चाहिए! खलास, बात खत्म, सिलेक्ट करो. यल्ला, जल्दी!"

रुपेशने हात जोडले. "ताई, मला कुठं असं बोलता येते? घरच्या माणसाशी बोलतो तसा बोललो."

जागृतीला संताप संताप झाला. त्याचा, साहेबांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. इतकी वर्षं या माणसाचा चांगुलपणा कुणी विचारला नाही, आणि विचारला तो या मेल्या कंपनीने! पण साहेब मानेवर बसले होते आणि अक्षताची पोर डोळ्यांपुढे होती. तिने कॉम्प्युटरवर 'सिलेक्ट'चं बटण दाबलं. रुपेश सिलेक्ट झाला.

मग जिन्यात येऊन तिने सुजीतला फोन लावला. "खेळत नाहीस ना? आणि ऐक, कुणी गोड बोलून खेळायला बोलावलं तर फोन ठेवून द्यायचा. कळलं?"

सुजीत हसला. "मला गोड बोलून कोण फोन करते ताई? तूसुद्धा आधी झडती घेतेस. असा कोणी भेटलाच, तर माझ्याच्यानं तो फोन ठेवणं होणार नाही बघ."

जागृतीने विचारलं, "जेवलास का रे?"

सुजीत घाबरून म्हणाला, "काय झालं ताई? तिकडे सगळं बरं आहे ना?"