भामाकाकू आणि मंडळाचा नवा मॅनेजर

आमच्या उमरग्यात शाळेच्या मैदानाला लागून सत्यभामाबाईंची पिठाची गिरणी आहे. सगळं गाव त्यांना भामाकाकू म्हणतं. वय साठीच्या अलीकडं आणि आवाज खणखणीत. गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय लागल्यानं गिरणी बंद असली तरी त्यांचा आवाज खाली येत नाही. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून पट्टा बदलणं, झिजलेला दगड टाकीनं पुन्हा खडबडीत करणं, सगळं त्याच करतात.

काकूंनी जन्मात हॉकीची स्टिक हातात धरलेली नाही. वीस वर्षांपूर्वी गावातल्या क्रीडा मंडळानं मुलींचा पहिला हॉकी संघ उभा केला, तेव्हा एक पोरगी हनुवटी फुटलेली घेऊन गिरणीवर पाणी मागायला आली. काकूंनी तिला बसवलं, फडकं बांधलं, घरी जा म्हणून सांगितलं. पोरगी पाणी प्याली आणि सरळ मैदानात परत गेली. ती खरंच खेळते का ते बघायला काकू कुंपणापाशी गेल्या आणि तिथून सुटल्याच नाहीत. सामना असला की गिरणीला कुलूप. परंडा असो, धाराशिव असो, सोलापूर असो, संघ जाईल तिथं एसटीनं काकू हजर.

गेल्या जूनमध्ये या संघात उलथापालथ झाली. गुरुसिद्धप्पा सरांनी चोवीस वर्षं मंडळाच्या पोरापोरींना शिकवलं होतं. एका सकाळी त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला की मंडळाला आता नव्या दमाची माणसं हवीत, आजवरच्या सेवेबद्दल आभार. त्याच दुपारी चौकात फ्लेक्स लागला. मॅनेजर म्हणून रणधीर, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष आण्णासाहेब यांचा पुतण्या. त्याच्या शेजारी लहानसा फोटो देवश्री नावाच्या नव्या प्रशिक्षक मुलीचा, खाली लिहिलेलं ‘पुणे’.

त्या दिवसापासून गिरणीवर दळण कमी आणि भांडण जास्त. मी ज्वारीचा डबा घेऊन जायचो आणि तासभर अडकायचो. काकूंच्या विरुद्ध बाजूला महांतप्पा. त्यांचं हायवेला टायरचं दुकान, आणि संघाचे सामने तेही काकूंइतकेच जुने बघणारे. त्यांचं म्हणणं, तीन वर्षं आपण उपांत्य फेरी बघितली नाही, सर अजून पोरींना तेच चार चक्कर मारायला लावतात, रणधीरकडं गाडी आहे, ओळखी आहेत, जरा बघू तरी. तरुण पोरं त्यांच्या बाजूनं होती.

काकूंनी चाळण खाली ठेवली. “सर चुकत व्हते. म्या त्यांना तोंडावर सांगितलंय, तुमी ऐकलंय. पर माणूस काढायचा तर समोर बसवून काढा. आन जागा भरायची व्हती तर गावाला कळवायचं. कुणी अर्ज केला, कुणी बघितला? घरातलाच पोरगा उचलून बशिवला.”

महांतप्पा म्हणाले, मंडळ त्यांचं आहे, ते ठरवतील. यावर काकू इतक्या भडकल्या की त्यांनी महांतप्पांचा अर्धा दळलेला गहू तसाच डब्यात भरून परत दिला. पुढचे तीन महिने महांतप्पा दुसऱ्या गिरणीवर गेले.

खरं सांगायचं तर काकूंच्या रागात तेव्हा रणधीर आणि देवश्री दोघंही एकाच मापानं मोजली जात होती. देवश्री सरावात पोरींना अर्धवर्तुळात उभं करायची, चुन्यानं खुणा काढायची, चेंडूशिवाय नुसतं जागा बदलायला लावायची. एकदा काकू कुंपणावरून ओरडल्या, “पुण्याच्या बाई, पोरींना खेळवणार हायस का रांगोळीच काढत बसणार?” पोरी हसल्या. देवश्रीनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले.

सप्टेंबरात धाराशिवला जिल्ह्याची स्पर्धा होती. काकूंबरोबर मीही गेलो. संघ मैदानात उतरला तेव्हा आमची गोलकीपर भैरवी साध्या कपड्यांत बाकावर बसलेली. पॅड बांधून गोलात उभी होती मागच्या फळीतली एक पोरगी, जिनं कधी गोल राखला नव्हता. राखीव म्हणून कुणीच नाही. सहा गोल खाल्ले. चौथ्या गोलानंतर आमच्याच लोकांनी देवश्रीच्या नावानं बोंब मारायला सुरुवात केली. पुण्याची अक्कल पुण्यात ठेव, भैरवीला काढ म्हणून कुणी सांगितलं, असं काय काय. महांतप्पा सगळ्यांच्या पुढं होते. रणधीर मध्यंतरालाच गाडी काढून निघून गेला.

सामना संपल्यावर काकू थेट एसटी स्टँडवर गेल्या. पोरी सामान घेऊन बसची वाट बघत बसल्या होत्या. काकूंनी त्यांच्यादेखत देवश्रीला वाट्टेल ते सुनावलं. देवश्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

ती स्पर्धेला पाठवलेली खेळाडूंची यादी होती. मागच्या वर्षीची. तिच्यातल्या तीन पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, दोघी शिकायला लातूरला. भैरवी आणि यंदा नव्यानं आलेल्या चौघी तिच्यात नव्हत्याच, त्यामुळं पंचांनी त्यांना उतरू दिलं नाही. अकरा जणी भराव्यात म्हणून दोघीतिघी शाळेच्या संघातून ऐनवेळी मागून घेतल्या होत्या, त्याही त्यांची नावं या जुन्या यादीत होती म्हणून. खाली रणधीरची सही. देवश्रीनं नवी यादी त्याच्या मोबाइलवर बारा दिवस आधी धाडली होती. त्यानं ती उघडलीच नव्हती.

“मग तू गप का बसलीस?” काकूंनी विचारलं.

“अध्यक्षांनी सांगितलंय, बाहेर बोललात तर उद्यापासून येऊ नका. मी गेले तर या मुलींना चार महिन्यांत तिसरा माणूस, काकू. त्यांनी किती वेळा पहिल्यापासून शिकायचं?”

काकूंनी कागद पुन्हा घडी करून कमरेला खोचला. बसमध्ये त्या देवश्रीच्या शेजारी बसल्या. नळदुर्ग आल्यावर त्यांनी विचारलं, पुण्यात घर कुठं. ती म्हणाली, मी तुळजापूरची, पुण्यात फक्त शिकले. काकूंनी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांना लाज वाटली की त्याचाही रागच होतो. उमरगा येईपर्यंत त्यांच्या कपाळाची शीर ताठ होती.

दोन दिवसांत मंडळानं कळवलं की रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये बैठक आहे, विषय प्रशिक्षक बदलणे. काकू आधी गुरुसिद्धप्पा सरांकडं गेल्या. तुम्ही येऊन चार शब्द बोला, गाव तुमचं ऐकतं, म्हणाल्या. सरांनी चहा दिला आणि नाही म्हटलं. त्यांची सून आण्णासाहेबांच्या संस्थेत शिक्षिका आहे. ते म्हणाले, मला यात ओढू नका, माझं झालं आता.

“तुमच्यासाठी म्या तीन महिने गावाशी भांडले,” काकू म्हणाल्या. “आज तुमचाबी राग आलाय मला, सर. त्यो सांगूनच जाते.” चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

रविवारी हॉल भरला होता. आण्णासाहेबांनी सुरुवातीलाच सांगितलं की पराभवाची जबाबदारी प्रशिक्षकानं घ्यायची असते, बाहेरच्या माणसाला इथलं वातावरण मानवलं नाही. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. रणधीर व्यासपीठावर मोबाइल बघत होता. काकू मागून चालत पुढं गेल्या आणि यादी टेबलावर ठेवली.

“आण्णासाहेब, ह्यातली नावं मोठ्यानं वाचा.”

आण्णासाहेब म्हणाले, ही मंडळाची आतली बाब आहे, तुम्ही बसा, बाई. काकू बसल्या नाहीत. त्यांनी कागद उचलला आणि स्वतःच एकेक नाव वाचलं, कोण सासरी गेली, कोण लातूरला गेली ते सांगत. गिरणीवाल्या बाईचा आवाज, त्याला माईक लागला नाही. शेवटी सही कुणाची ते वाचलं. मग त्या लोकांकडं वळल्या.

“म्याबी हिला नको नको ते बोलले. माझी चूक झाली, हिच्यादेखत सांगते. आता तुमी सांगा. महांतप्पा, तुमी लई वरडत व्हता तिथं. आता वरडा की.”

महांतप्पा खाली बघत राहिले. आण्णासाहेबांच्या सगळ्या ट्रॅक्टरचे टायर त्यांच्याच दुकानातून जातात, हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग मागच्या रांगेतून भैरवी उभी राहिली. ती म्हणाली, मॅडम गेल्या तर मी पॅड बांधणार नाही. तिच्यामागं एकेक करत सगळा संघ उभा राहिला. तेव्हा कुठं तरुण पोरांना कंठ फुटला आणि हॉलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येईना.

निकाल लागला तो अर्धामुर्धा. देवश्री हंगाम संपेपर्यंत राहील, खेळाडूंची यादी यापुढं तीच पाठवील. रणधीरनं राजीनामा दिला नाही, कुणी मागितलाही नाही. पंधरा दिवसांनी त्याचा ‘मुख्य मार्गदर्शक’ म्हणून सत्कार झाला, त्याचाही फ्लेक्स लागला. काकूंना लोकांनी सांगितलं की तुम्ही जिंकलात. त्या म्हणाल्या, “काय जिंकलं? जो चुकला त्यो खुर्चीवर हाय, आन जी राबती तिला मार्चपस्तोर मुदत.”

महांतप्पा पुन्हा गव्हाचा डबा घेऊन आले. काकूंनी दळून दिला, पण एक शब्द बोलल्या नाहीत. गुरुसिद्धप्पा सर मात्र आता लांबच्या गिरणीवर जातात.

मागच्या आठवड्यात परंड्याला सामना होता. भैरवी गोलात होती. दोन-एकनं हरलो. शेवटच्या पाच मिनिटांत मिळालेला पेनल्टी कॉर्नर वाया गेला, तेव्हा काकू रेषेजवळ जाऊन देवश्रीवर ओरडल्या, तो फटका मारायला नेहमीचीच पोरगी का पाठवली म्हणून. देवश्रीही वळून ओरडली, “तिचं मनगट दुखतंय, काकू, ती नुसती जागा धरून उभी होती, फटका दुसरीनं मारला, तुम्ही नीट बघितलं नाही.” परतीच्या बसमध्ये कुर्डुवाडीपर्यंत दोघी त्याच कॉर्नरवरून भांडत होत्या.